खऱ्या रुळांवरचीं खोटीं वाटणारीं दृश्यें

लहान मुलांच्या खेळण्यांत आगगाडीचें स्थान जुनेंच आहे. परंतु प्रौढ माणसेंही आगगाडीच्या हुबेहूब प्रतिकृति तयार करण्याच्या छंदांत रमतात, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, बोगदे, स्टेशनें व वस्ती यांची मांडणी करावयाची, रुळांतून वीज खेळवावयाची आणि बोटभर उंचीचीं इंजिनें ठरलेल्या वेळेस ठरलेल्या फलाटावर येतांना पाहावयाचीं, असा हा छंद आहे. पुण्यास कोथरूड भागांत कै. भाऊ जोशी यांनीं उभारलेलें व १९९८ सालीं लोकांस खुलें झालेलें लघुरेल्वेचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना या कामास किती चिकाटी व किती वर्षांचें हस्तकौशल्य लागतें हें निराळें सांगावयास नको.

या कलेंतील जाणते लोक नवशिक्यांस एक उपदेश आवर्जून करतात. तो असा कीं, जें पाहणाऱ्यास खोटें वाटेल तें मांडूं नये. मग तें प्रत्यक्षांत कोठें घडत असलें तरीही नको. हा उपदेश आपल्या साहित्यशास्त्रास नवीन नाहीं. काश्मीरचा अकराव्या शतकांतील पंडित क्षेमेंद्र यानें 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथांत औचित्य हाच काव्याचा प्राण ठरविला आहे. कमरपट्टा सोन्याचा असला तरी तो गळ्यांत घातल्यास लोक हंसणारच, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानेंही कवीस हाच सल्ला दिला कीं, घडूं शकणारें परंतु न पटणारें यापेक्षां, न घडणारें परंतु पटणारें पत्करावें.

कवीस व कारागिरास हा नियम ठीक आहे. परंतु सृष्टि आणि संसार यांनीं क्षेमेंद्र वाचलेला नाहीं, आणि रेल्वेनें तर नाहींच नाहीं. मी राहतों तें सापगांव शहापूर तालुक्यांत भातसा नदीच्या कांठीं, शहापुराहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गांवांत रूळ नाहींत; पण आसनगांव स्टेशन जवळ असल्यामुळें शाळेंत संस्कृत शिकविण्याच्या तीसेक वर्षांत या मार्गावरून माझें जाणें-येणें पुष्कळ झालें. आसनगांवापासून इगतपुरीपर्यंतचा हा एवढासा तुकडा कोणी जसाच्या तसा टेबलावर मांडला, तर पाहणारे म्हणतील कीं, याला रेल्वेचें कांहींएक कळत नाहीं! अशाच कांहीं दृश्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, आणि प्रत्येक दृश्यामागें कोणतें कारण दडलें आहे तें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्टेशनाच्या पाटीपासूनच आरंभ करूं. शहापूर हें तालुक्याचें गांव. कचेऱ्या, शाळा, बाजारपेठ सारें तेथें. पण शहापूर नांवाचें स्टेशन या मार्गावर नाहीं. उतरावयाचें तें आसनगांवास. याहून विलक्षण प्रकार नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. श्रीरामपूर हें भरवस्तीचें शहर; आगगाडी त्याच्या मध्यभागीं थांबते; आणि फलाटावरील पाटी मात्र सांगते 'बेलापूर'. परका प्रवासी गोंधळून पुन्हां गाडींत चढूं पाहतो. कारण असें कीं, दौंड-मनमाड मार्ग एकोणिसाव्या शतकांत झाला तेव्हां श्रीरामपूर अस्तित्वांत नव्हतें. जवळचें जुनें गांव बेलापूर, म्हणून स्टेशनास त्याचें नांव मिळालें. पुढें स्टेशनाभोंवतीं बाजार वसला, बाजाराचें शहर झालें व शहरास स्वतंत्र नांव मिळालें. पाटी तेवढी आपल्या जागीं राहिली. टेबलावर अशी पाटी लावणाऱ्यास लोक वेंधळा म्हणतील. खरें पाहतां ती पाटी म्हणजे त्या शहराचा जन्मदाखलाच आहे.

आतां कसाऱ्यास चलूं. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली. कल्याणच्या पुढें वासिंदपर्यंत रूळ १८५५ सालीं आले, आसनगांवास १८६० सालीं, कसाऱ्यास १८६१ सालीं. आणि घाट चढून इगतपुरी गांठावयास १८६५ साल उजाडलें. मुंबईपासून इगतपुरी अवघी पंचाऐंशीं मैल. तेवढ्यास जवळ जवळ बारा वर्षें लागलीं. कारण शेवटचे नऊ-सव्वानऊ मैल थळघाटाचे होते. तेवढ्या अंतरांत मार्ग ९७२ फूट वर चढतो, आणि जेथें चढ सर्वांत कठीण आहे तेथें सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर, असें प्रमाण पडतें.

या ठिकाणीं जें दृश्य नित्य दिसतें तें पाहून नवख्याची मति गुंग होते. मुंबईकडून आलेली लांबलचक गाडी कसाऱ्यास थांबते. पुढें तिचें इंजीन असतेंच. थोड्याच वेळांत मागून दोन किंवा तीन इंजिनें येऊन गाडीच्या शेपटास चिकटतात, एकमेकांस शिटीनें खूण करतात आणि गाडी निघते ती पुढून ओढली जात व मागून ढकलली जात! इगतपुरीस हीं इंजिनें सुटतात व दुसऱ्या गाडीची वाट पाहतात. आमच्या भागांतील लोक यांस 'बँकर' म्हणतात. शाळा न शिकलेल्या बाईसही हा शब्द ठाऊक असतो. सावकारी पेढीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हेंही तिला ठाऊक असतें.

टेबलावरील प्रतिकृतींत सदतिसांत एक हा चढ डोळ्यांस चढच वाटत नाहीं. तीन हात लांबीस तो जेमतेम दीड इंच भरतो, आणि खेळण्यांतील इंजीन चार डबे घेऊन तो सहज चढतें. म्हणून शेपटाचीं इंजिनें तेथें वेडगळपणाचीं दिसतात. खरा हिशेब निराळा आहे. गाडीचें वजन बाराशें टन धरलें, तर नुसत्या उतारामुळें तिला मागें खेंचणारा जोर बत्तीस टनांहून अधिक होतो. हा सारा भार पुढच्या इंजिनांनींच ओढावयाचा म्हटलें, तर तो पहिल्या डब्याच्या सांखळीवर येतो, आणि सांखळी तुटली तर मागचे डबे घाटांतून खालीं सुटतात. इंजिनें मागें लावलीं म्हणजे भार वांटला जातो, आणि कोठें तुटलेंच तरी डब्यांस पाठीशीं आधार राहतो. थोडक्यांत, जें दृश्य उलटें दिसतें तेंच तेथें सुलटें आहे.

याच संबंधांत मीं पाहिलेला एक प्रसंग सांगतों. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं एका शाळेंत विज्ञान-प्रदर्शन भरलें होतें. कसाऱ्याकडील एका पाड्यावरच्या मुलानें पुठ्ठा, आगपेट्या व छत्रीच्या काड्या वापरून घाटांतील आगगाडी केली होती. काम साधेंच, पण डोळस होतें. बोगद्याच्या तोंडाशीं त्यानें दगडी कमानीचे चिरेसुद्धां रंगविले होते. गाडीच्या पुढें एक इंजीन व मागें दोन होतीं. परीक्षक आले, वांकून पाहिलें आणि हंसून म्हणाले, "बैल कधीं गाडीच्या मागें जुंपतात काय रे?" भोंवतालचीं मुलेंही हंसलीं. परीक्षकांनीं स्वतःच्या हातानें तीं दोन इंजिनें उचलून पुढें ठेविलीं. मुलगा हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडं असंच असतं," आणि गप्प बसला.

मीं परीक्षकांस बाजूस घेऊन वस्तुस्थिति सांगितली. ते सज्जन होते, रागावले नाहींत. म्हणाले, "गुरुजी, असेलही तसें, पण पाहणाऱ्यास पटलें पाहिजे ना?" बक्षीस दुसऱ्या एका सुबक, चकचकीत प्रतिकृतीस गेलें. प्रदर्शन संपल्यावर त्या मुलानें तीं इंजिनें पुन्हां मागें लाविलीं, गाडी पोत्यांत घातली आणि ती घेऊन तो घरीं गेला.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत, आणि त्यांत प्रत्यक्षास पहिला मान आहे. त्या दिवशीं बैलगाडीच्या उपमानानें प्रत्यक्षाचा पराभव केला. मुलानें डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. परीक्षकांनीं फक्त कल्पिलेलें होतें. आणि निकाल कल्पनेच्या बाजूनें लागला. औचित्याचा नियम काव्यांतून उचलून माणसांच्या साक्षीस लावला कीं असा अन्याय होतो. हा अन्याय बहुतकरून दूरच्या, पाड्यावरच्या, लहान तोंडाच्या साक्षीदारावरच होतो. कारण मोठ्या माणसानें तीच गोष्ट सांगितली तर ती 'माहिती' ठरते.

घाटांत अजून पुष्कळ पाहण्यासारखें आहे. उतरणीच्या मार्गावर मुख्य रुळांपासून एक फांटा फुटतो, तो डोंगराच्या अंगावर वर चढत जातो आणि कोठेंही न पोहोंचतां संपतो. पुढें स्टेशन नाहीं, कारखाना नाहीं, वस्ती नाहीं. प्रतिकृतींत असा फांटा दिसला तर पाहणारा म्हणेल कीं, कारागिराजवळचे रूळ संपले असावेत! वस्तुतः हा फांटा सुटलेल्या गाडीस धरण्यासाठीं आहे. उतरणाऱ्या गाडीची वाट मुळांत या आडफांट्याकडेच लावलेली असते. गाडी चालकाच्या ताब्यांत आहे अशी खात्री पटली म्हणजेच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. न जाणो, रोधक निकामी होऊन गाडी बेफाम आलीच, तर ती त्या चढावर जाऊन आपल्याच वजनानें थकून थांबावी, अशी ही योजना आहे. ज्या वाटेनें कधीं कोणाला जावें लागूं नये म्हणून सारे झटतात, ती वाट मात्र सदैव तयार ठेवावी लागते.

पूर्वीं याहूनही नवल होतें. थळघाटांत आणि बोरघाटांत गाडी चढतां चढतां एका ठिकाणीं रूळच संपत. पुढें कडा, वळसा घेण्यास जागा नाहीं. तेव्हां गाडी थांबवून इंजीन दुसऱ्या टोकास नेत, आणि आलेल्या दिशेकडेच तोंड करून दुसऱ्या रुळांवरून पुढचा चढ चढत. नागमोडीऐवजीं अशी ही करवतमोडी चाल होती. बोरघाटांतील हें उलटें स्टेशन १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर बंद झालें. थळघाटांतीलही नव्या आंखणीनें मागेंच गेलें. त्या गाडींत बसलेल्या बाया-बापड्यांस अर्ध्या घाटांत आपण परत घरीं चाललों असें वाटत असेल, तर त्यांस कोण दोष देईल?

थळघाटांतील एहेगांवचा पूलही असाच. खालीं दरी सुमारें एकशें ऐंशीं फूट खोल, आणि तिच्यांतून वाहणारा प्रवाह उन्हाळ्यांत पाहिला तर एखाद्या ओहोळाएवढा. एवढ्याशा पाण्यासाठीं एवढा पूल कशाला, असें पाहणारा विचारील; त्यानें श्रावणांत येऊन पाहावें.

बोरघाटाच्या बांधणीची हकीकत तर कादंबरींत घातली असतां संपादकानें साभार परत केली असती. त्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज गृहस्थानें घेतला. १८५९ सालीं तो हिंदुस्थानांत उतरला आणि थोड्याच आठवड्यांत आजारानें वारला. ठेका बुडतो कीं काय अशी वेळ आली असतां त्याच्या विधवा पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, तो आपल्या शिरावर घेतला. दोन अनुभवी एंजिनियर कामावर नेमले आणि ठेका तडीस नेला. १८६१ सालीं या एका घाटांत चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. डोंगराच्या कड्यावरून दोरखंडानें लोंबकळत सुरुंगाचीं भोंकें पाडणारे ते लोक; पटकीनें व अपघातानें त्यांतील कितीकजण तेथेंच राहिले. १८६३ सालीं मार्ग खुला झाला. आज बोगद्याच्या अंधारांत शिरतांच डब्यांतील मुलें आनंदानें ओरडतात. त्यांनीं ओरडावें, पण घरीं आल्यावर आजोबांनीं एवढी हकीकत त्यांस सांगावी.

विजेचीं इंजिनें या घाटांत १९३० च्या सुमारास आलीं. त्यांत मालगाड्यांसाठीं आणलेलें एक इंजीन फारच चमत्कारिक होतें. पुढें व मागें लांब सोंड, मध्यें चालकाची खोली, आणि वीज असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे जाड लोखंडी दांडे! चालतांना तें कण्हल्यासारखा आवाज करी. रेल्वेच्या लोकांनीं त्याचें नांव ठेविलें 'खेंकडा'. कोणी हौशी मनुष्य असें इंजीन टेबलावर मांडील तर वाफेचीं चाकें व विजेचा देह यांची यानें मोडतोड करून जोडणी केली, असाच आळ त्याच्यावर येईल. परंतु त्या काळच्या मोटारी मोठ्या व बोजड असत. त्या चाकांच्या कण्यावर मावत नसत, म्हणून त्या वर देहांत ठेवून दांड्यांनीं शक्ति चाकांस पोहोंचवीत. त्यांपैकीं 'सर लेस्ली विल्सन' नांवाचें इंजीन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे. ज्यांस शंका असेल त्यांनीं तेथें जाऊन निरसन करून घ्यावें.

घाट सोडून अंमळ दूर पाहिलें तरी अशा दृश्यांस तोटा नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत, सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर नांवाचें स्टेशन आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग होऊन महाराष्ट्र व गुजराथ हीं राज्यें झालीं, आणि त्यांची सीमा या स्टेशनाच्या फलाटावरून गेली. तिकीटघर महाराष्ट्रांत, तर स्टेशन मास्तरांची कचेरी गुजराथेंत. फलाटावर एक बांक असा आहे कीं, त्याच्या मधोमध सीमेची खूण केलेली आहे. नवरा महाराष्ट्रांत व बायको गुजराथेंत बसून दोघें एकाच डब्यांतील शिदोरी खाऊं शकतात. सीमा आंखतांना नकाशांत रेघ मारली जाते. ती जमिनीवर कोठें उतरेल तें रेघ मारणाऱ्यास दिसत नाहीं.

वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून एका बाजूस यवतमाळ व दुसऱ्या बाजूस अचलपूर येथें जाणारी अरुंद रुळांची गाडी होती. लोक तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणत. कापूस वाहून नेण्यासाठीं हा मार्ग झाला. देशांतील रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या तरी या मार्गाची मालकी पुढें कित्येक वर्षें खाजगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें वाफेचें इंजीन १९२३ पासून १९९४ पर्यंत या गाडीस होतें. म्हणजे आजोबांच्या मुंजीस जें इंजीन पाहिलें तेंच नातवाच्या मुंजीसही. स्टेशनांवर माणसें नसत. गार्डच खालीं उतरून तिकिटें देई आणि सिग्नलही सांभाळी. आतां ही गाडी बंद आहे. परंतु ज्यांनीं तींतून प्रवास केला आहे ते सांगतात कीं, गाडी चुकली असें क्वचितच होई. धांवत येणाऱ्यास पाहून गार्डच थांबे.

कोंकण रेल्वेवर १९९९ सालापासून मालानें भरलेले मोटारट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात. रायगड जिल्ह्यांतील कोलाड येथें एकामागें एक ट्रक गाडीवर चढतात. चालक आपल्याच ट्रकांत बसून राहतात, आणि रस्त्यावरील वाहनांची ती रांगच्या रांग बोगद्यांतून, पुलांवरून आगगाडीच्या वेगानें गोव्याकडे निघते. वाहनावर वाहन बसलेलें पाहून लहान मुलाच्या खेळण्याचीच आठवण व्हावी. कोंकणच्या वळणावळणांच्या रस्त्यावर डिझेल जाळण्यापेक्षां व टायर झिजविण्यापेक्षां हें स्वस्त पडतें, एवढेंच त्यांतील रहस्य.

आणि एप्रिल २०१६ मध्यें तर सर्व महाराष्ट्रानें असें दृश्य पाहिलें कीं, तें टेबलावर मांडण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. लातूर शहर पाण्यावांचून तळमळत होतें. तेव्हां मिरजेहून दहा टाक्यांची गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन निघाली, आणि १२ एप्रिलच्या पहांटे लातुरास पोहोंचली. तेलाच्या टाक्या राजस्थानांतील कोटा येथील कारखान्यांत धुऊन-पुसून पिण्याच्या पाण्यासाठीं सज्ज केल्या होत्या. 'जलदूत' असें तिचें नांव ठेविलें. पुढें अशाच पन्नास-पन्नास टाक्यांच्या गाड्या धांवल्या. मेघाला दूत करण्याची कल्पना आपल्या कविकुलगुरूस सुचली होती. परंतु मेघ न आल्यामुळें आगगाडीला त्याची जागा घ्यावी लागेल, ही कल्पना त्यालाही सुचली नसती.

हें लिहितांना आमच्या तालुक्याकडे दृष्टि वळल्यावांचून राहत नाहीं. तानसा व भातसा हे दोन मोठे जलाशय शहापूर तालुक्यांत आहेत. त्यांचें पाणी मुंबईस जातें. पावसाळ्यांत आमच्याकडे इतकें पाणी पडतें कीं, ओढे-नद्या रस्ते अडवितात. आणि वैशाख लागला कीं याच तालुक्यांतील कित्येक गांव-पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. मोठमोठ्या नळांतून पाणी पश्चिमेस चाललें आहे, रुळांवरून जवान मुलें त्याच दिशेस कामावर चाललीं आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्यें डोक्यावर रिकामा हंडा घेऊन एक बाई उभी आहे, असें दृश्य कोणी टेबलावर मांडलें तर पाहणारा म्हणेल, "हें जरा अतिच झालें!" आणि कारागीर बिचारा ती बाई उचलून ठेवील. टेबलावरून ती सहज उचलतां येते. परंतु तालुक्यांत ती फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत तेथेंच उभी असते, आणि तिला तेथून हलविण्याचा मार्ग एकच; तो म्हणजे तिच्या पाड्यावर पाणी पोहोंचविणें. धरण शेजारीं असतां तें दुर्घट आहे असें मानण्यास मला तरी कारण दिसत नाहीं.

असें असलें तरी सर्वच असंभाव्य दृश्यें दुःखाचीं नसतात. कसाऱ्याहून पहांटे सुटणाऱ्या लोकलींत मोसमाप्रमाणें करवंदें, जांभळें, रानभाज्या व पळसाच्या पानांचे भारे घेऊन आमच्याकडील बाया शहराकडे जातात. डब्यांत पाय ठेवावयास जागा नसते, पण सारें रान दरवळत असतें. संध्याकाळीं परतीच्या गाडींत, दिवसभर कचेरींत राबलेल्या भगिनी मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडतात, शेंगा सोलतात. घरीं पोहोंचेपर्यंत भाजी चिरण्याजोगी होते. शेजारच्या डब्यांत टाळांचा आवाज येतो. तेथें नित्याच्या प्रवाशांचें भजन रंगलेलें असतें. आणि दसऱ्याच्या सुमारास पाहावें, तर रोजच्या डब्यास झेंडूचीं तोरणें, दारास आंब्याचे डहाळे, आंत देवीची तसबीर, आणि चालकाच्या खोलीसमोर नारळ! शस्त्रपूजेच्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या उपजीविकेचें साधन पूजावें ही आपली जुनी रीति. ज्याचें निम्में आयुष्य लोकलींत जातें त्यानें लोकल पूजावी यांत नवल तें काय? ज्या परदेशस्थानें हें पाहिलेलें नाहीं त्याच्या टेबलावर तोरण बांधलेली आगगाडी कधींच धांवणार नाहीं. आपल्या टेबलावर ती धांवण्यास हरकत नसावी.

घरांतील मुलांस प्रतिकृतींचा छंद असेल तर तो मोडूं नये. त्यानें हात व डोळे दोन्ही तयार होतात. मात्र त्यांनीं केलेल्या मांडणींत कांहीं विपरीत दिसलें, तर तें सुधारण्यापूर्वीं "असें कोठें पाहिलेंस?" एवढें विचारावें, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावें. कदाचित् मुलाची चूक असेल. ती मग सांगतां येईल. कदाचित् त्यानें असें कांहीं पाहिलेलें असेल, जें आपण पन्नास वर्षें त्याच मार्गानें जाऊनही पाहिलें नाहीं.

येत्या सुट्टींत जमल्यास मुलांस घेऊन दिवसाच्या गाडीनें कल्याणहून इगतपुरीपर्यंत जावें. आसनगांव गेलें कीं माहुलीचे सुळके दिसतील. कसाऱ्यास गाडी थांबली म्हणजे खालीं उतरण्याची घाई न करितां मागच्या बाजूस कान द्यावा. शेपटाचीं इंजिनें लागतांना एक हलकासा धक्का बसतो, तो मुलांच्या ध्यानीं आणून द्यावा. पुढें बोगदे मोजावे, पूल पाहावे. इगतपुरीस हवा गार असते आणि वडे चांगले मिळतात. परततांना उतारावर कोठें एखादा फांटा डोंगरावर चढून संपलेला दिसला, तर तो कशासाठीं असावा हें प्रथम मुलांसच विचारावें.